लांबी वाढवणारा घटक

नवऱ्याच्या मागोमाग मी अमिरातीत, रास अल खैमाला गेले तेव्हा माझ्या पासपोर्टातल्या व्हिसावर 'हाउसवाइफ' असं छापलेलं होतं आणि त्याखाली 'काम करण्यास परवानगी नाही' अशी ओळ होती. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नवरा टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर इंजिनिअर. मी पुण्यात पाच वर्षं घालवून सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टर झालेली. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंच्या शब्दांत, 'डॉक्टर, पण खोकल्याचं औषध देत नाही ती'.

माझ्या संशोधनाचा विषय कुणाला सांगायची वेळ आली की मी आधी चहा ठेवायचे. म्हणजे निदान समोरचा कपात बघू शकतो. आता तुम्हालाही तो सांगणं भाग आहे, पण थोडक्यात सांगते. मातीत काही जंतू असतात, जे अँटिबायोटिक बनवतात. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांचं मूळ ह्या जंतूंमध्ये आहे. ते काही आपल्या घशासाठी ती बनवत नाहीत, शेजारच्या जंतूंना मारायला बनवतात. आता, प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिनांच्या साखळ्या तयार होत असतात, एकेक कडी जोडत. ती कडी उचलून साखळीपर्यंत आणून देणारं जे प्रथिन, त्याला इलाँगेशन फॅक्टर म्हणतात. लांबी वाढवणारा घटक. लांबी साखळीची. एवढं कृपया लक्षात ठेवा. त्या वर्षी ते कुणीच ठेवलं नाही, म्हणून मला हे सगळं लिहावं लागतंय.

काही अँटिबायोटिक्स नेमकी ह्या घटकालाच जखडून टाकतात. मग प्रश्न असा, की ते विष ज्याच्या पोटात तयार होतं तो जंतू स्वतः का मरत नाही? ह्या जातीच्या काही जंतूंमध्ये त्या घटकाची एकाहून जास्त जनुकं सापडतात, आणि त्यातलं एखादं इतरांपेक्षा वेगळं असतं. ते वेगळं जनुक कशासाठी, हे शोधत मी पुण्यात पाच वर्षं काढली आणि प्रबंधाच्या शेवटी 'ह्यावर अधिक संशोधन व्हायला हवं' असं लिहून मोकळी झाले.

रास अल खैमात पहिली दोन वर्षं मी मुलीचे डबे भरले आणि तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरास केली. मग फ्री झोनमध्ये, म्हणजे परदेशी कंपन्यांसाठी राखलेल्या भागात, एक नवी संस्था निघाल्याचं कळलं. तिची पाटी लॅबपेक्षा मोठी होती आणि पाटीवर 'रिसर्च' हा शब्द होता. प्रत्यक्षात तिथे इमारतींच्या टाक्यांमधलं पाणी आणि बेकऱ्यांचं क्रीम तपासत असत. मला ठेवून घेताना माझ्या नवऱ्याकडून एक पत्र मागवण्यात आलं, की ह्या बाईने काम करण्यास माझी हरकत नाही. नवऱ्याने ते पत्र तीनदा लिहिलं. पहिल्या खेपेला 'काहीच हरकत नाही' लिहिलं, ते त्याला फार उत्साही वाटलं.

संस्थेचे डायरेक्टर आपल्याकडचेच, उत्तरेकडचे, आधी अत्तराच्या व्यापारात होते. विज्ञानाबद्दल त्यांना अतिशय आदर होता. ज्या वस्तूला आपल्याला कधीच हात लावावा लागणार नाही तिच्याबद्दल माणसाला असतो तसा. पांढरा कोट घालून ते फक्त फोटोला उभे राहत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "डॉक्टरसाब, इस ज़मीन में से लोगों ने तेल निकाल लिया. आप मुझे दवाई निकाल के दीजिए."

मी हो म्हटलं. आता हसू येतं, पण तेव्हा मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. दोन वर्षांनी कुणीतरी मला माती तपासायला सांगत होतं. पाणी आणि क्रीम उरकून उरलेल्या वेळात मी वाळवंटातलं अँटिबायोटिक शोधावं असं ठरलं.

शुक्रवारी सुटी असे. नवरा गाडी चालवायचा, मुलगी मागे कंटाळून बसायची, आणि मी चमचा आणि प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन माती गोळा करायचे. डोंगराच्या पायथ्याशी दगडाच्या खाणी होत्या. तिथे एका गाफच्या, म्हणजे शमीच्या झाडाखाली मी गुडघ्यावर बसून मुळाजवळची माती खरवडत होते, तेव्हा मागून आवाज आला, "ताई, कुडी हरवली का कानातली?"

मी दचकले. मराठीत कुणी विचारेल असं त्या ठिकाणी वाटलंच नव्हतं. नवरा मुलीवर ओरडत होता ते त्याने ऐकलं असणार. खाणीतला लोडर चालवणारा माणूस होता तो, गुहागरकडचा, पस्तिशीचा. कामगारांच्या कॅम्पवरून शुक्रवारचे कपडे धुऊन फिरायला निघाला होता. माती नेतेय म्हटल्यावर त्याने नवऱ्याकडे जरा काळजीने बघितलं. नवऱ्याने मान हलवली, म्हणजे बायको शहाणी आहे अशी खात्री दिली. मग तो माणूस म्हणाला, वरची माती काय घेता, ती रोज उडते, आणि त्याने स्वतः खाणीवरून पहार आणून हातभर खोल खणून दिलं.

त्या हातभर खोलीतल्या मातीतून माझा जंतू निघाला. काचेच्या बशीत तो राखाडी, खडूच्या भुकटीसारखा वाढायचा आणि त्याच्याभोवती दुसरा कुठलाही जंतू फिरकत नसे. बशीत त्याच्याभोवती स्वच्छ गोल रिंगण पडायचं. पहिल्यांदा ते रिंगण दिसलं तेव्हा मी रिसेप्शनवरच्या सेक्रेटरीला हाताला धरून आत आणलं. ती वसईची, वयाने माझ्याएवढीच, आणि त्या संस्थेत मराठी बोलणारी आम्ही दोघीच. तिने बशीकडे नीट पाहिलं आणि म्हणाली की तिच्या सासूच्या आसपासही असंच असतं.

पुढच्या शुक्रवारी मी लोडरवाल्याला मुद्दाम सांगायला गेले, की तुझ्या मातीत काहीतरी सापडलंय. त्याला 'अहो' म्हणायचं मी विसरूनच गेले होते, तोही मला ताईच म्हणत होता. काय सापडलं, हे त्याने विचारलं. मला चहा ठेवायची सोय नव्हती, म्हणून मी समोरच्या, दगड फोडणाऱ्या क्रशरकडे बघत सांगितलं. तू लोडरने दगड उचलतोस, क्रशरच्या तोंडात टाकतोस आणि मागे येतोस, दुसरा दगड आणायला. पेशीत हेच काम एक प्रथिन करतं. हा जंतू असं काही विष सोडत असावा असं मला वाटतं, की दुसऱ्या जंतूचा लोडर क्रशरच्या तोंडाशी जातो पण मागे येऊच शकत नाही. तिथेच अडकतो. मागची सगळी लाइन बंद.

त्याने थोडा विचार केला. असं एकदा झालं होतं म्हणाला, गिअर अडकला होता, चार तास क्रशर बंद, फोरमन नुसता पिसाळला होता. मग विचारलं, "पण ताई, त्याचा स्वतःचा लोडर कसा नाही अडकत?"

माझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला तीन प्रोफेसर बसले होते. त्यातल्या एकाने हा प्रश्न विचारला होता, आणि तोही त्याला आधी कागदावर लिहून आणावा लागला होता. मी लोडरवाल्याला म्हटलं, तेच शोधतेय.

शोधायची सोय मात्र आमच्याकडे फारशी नव्हती. जनुकाच्या प्रती काढायचं एक मशीन डायरेक्टरांनी ब्रोशरमधल्या फोटोसाठी घेऊन ठेवलं होतं, ते मी चालू केलं. ते चाललं ह्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य मशीनलाच वाटलं असावं. काही महिन्यांनी एवढं दिसलं की माझ्या जंतूत लांबी वाढवणाऱ्या घटकाची तीन जनुकं आहेत. ती नेमकी कशी आहेत हे वाचून घेण्यासाठी मी फक्त त्या जनुकांच्या प्रती, जंतू नव्हे, पुण्याला माझ्या जुन्या गाइडबाईंकडे पाठवले आणि डायरेक्टरांना एक पानाचा अहवाल दिला. त्यात 'इलाँगेशन फॅक्टर' हा शब्द सात वेळा होता. चूक माझीच. एकदाही मी 'प्रथिनाच्या साखळीचा' असं लिहिलं नव्हतं, मला ते इतकं उघड वाटत होतं.

डायरेक्टरांनी तो अहवाल वाचला नाही, पाहिला. आणि एका इंग्रजी दैनिकाच्या वार्ताहराला बोलावलं. मी त्या सकाळी एका बेकरीत क्रीमचे नमुने घ्यायला गेले होते. परत आले तेव्हा वार्ताहर निघून गेला होता आणि डायरेक्टर पांढऱ्या कोटात होते.

दोन दिवसांनी बातमी आली. आतल्या पानावर, पण फोटोसकट. मथळ्याचा अर्थ असा होता, की रास अल खैमाच्या मातीत लांबी वाढवणारा घटक सापडला. मजकुरात लिहिलं होतं की ह्या घटकाची तीन जनुकं मिळाली असून वाढीवर त्याचा मोठा परिणाम होतो. वार्ताहराच्या बाजूने सांगायचं तर त्याने एकही शब्द नवा घातलेला नव्हता. साखळी तर मीच गाळली होती. संध्याकाळी हिंदी रेडिओवर तीच बातमी आली, तेव्हा 'वाढ' हा शब्दही गाळला गेला होता आणि त्या जागी 'कद', म्हणजे थेट उंची, आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून फोन सुरू झाला. पहिला फोन अजमानहून एका आईचा, मुलगा बारा वर्षांचा, वर्गात पहिल्या बाकावर बसतो. दुसरा शारजाहून, मुलीसाठी, लग्न ठरत नाही. तिसऱ्याने फक्त गोळी की इंजेक्शन एवढंच विचारलं. सेक्रेटरी सुरुवातीला सगळ्यांना सविस्तर सांगत होती, की अशी काही गोष्ट नाही. दुपारपर्यंत तिचा घसा बसला. मग तिने एक वाक्य तयार केलं आणि प्रत्येकाला तेच ऐकवू लागली: "द डॉक्टर हर्सेल्फ इज व्हेरी शॉर्ट, सर."

हे मात्र खरं होतं. माझी उंची चार फूट अकरा इंच. ज्यांचं फोनवर भागलं नाही ते लोक प्रत्यक्ष येऊ लागले, आणि मला पाहून त्यांचे चेहरे उतरायचे. एका गृहस्थांनी अतिशय नम्रपणे विचारलं, की मॅडम, आपण स्वतः का नाही घेतलं? मी म्हटलं, औषधच नाहीये. ते समजल्यासारखी मान हलवून म्हणाले, बरोबर आहे, टेस्टिंग पूर्ण होईपर्यंत घेऊ नये.

मंडळाच्या हळदीकुंकवाला तर मी वाण घेऊन गेले आणि कोपऱ्यात सापडले. ज्या बायकांनी दोन वर्षांत माझा विषय काय हे विचारलं नव्हतं, त्या सगळ्यांना एकदम सूक्ष्मजीवशास्त्राची गोडी लागली होती. एकीने सांगितलं की तिच्या मुलाला फक्त दोन इंच हवेत, जास्त नकोत. जणू मी ब्लाउजची मापं घेत होते. मी प्रथिनं, साखळी, कडी असं सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि शेवटी एक बाई दुसरीला हळूच म्हणाली की आपल्याच लोकांना सांगायला किती भाव खाते बघ.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "मम्मा, माय होल क्लास थिंक्स यू मेक पीपल टॉल. इट्स सो एम्बॅरसिंग, बिकॉज दे हॅव सीन यू."

मी डायरेक्टरांकडे गेले. खुलासा छापायला हवा, मी मजकूर लिहून आणलाय, तुम्ही सही करा, असं सांगितलं. त्यांच्या टेबलावर एक नवं रजिस्टर होतं. आलेल्या प्रत्येकाचं नाव, फोन आणि मुलाची सध्याची उंची त्यात लिहून घ्यायची, असा त्यांनी सेक्रेटरीला हुकूम दिला होता. कशासाठी, हे त्यांनाही माहीत नव्हतं. यादी असलेली बरी, इतकंच त्यांचं म्हणणं. शेजारी ब्रोशरचा नवा नमुना पडला होता: खजुराचं झाड आणि त्याला टेकवून उभी केलेली मोजपट्टी.

मी म्हटलं, लोक मुलांना घेऊन येतायत, हे थांबवायला हवं. त्यांनी माझा कागद वाचला, ह्या खेपेला खरोखर वाचला, आणि परत माझ्याकडे सरकवला.

"लोगों को थोड़ी उम्मीद देना कोई गुनाह है क्या, डॉक्टरसाब?" ते म्हणाले. "हमने तो किसी को हाँ नहीं बोला."

"ना भी तो नहीं बोला," मी म्हटलं.

ते हसले. माणूस वाईट नव्हता, हेच त्यांच्या बाबतीत सगळ्यात वाईट होतं. वाईट असते तर एखादी पावडर बाटलीत भरून विकली असती आणि मला पोलिसांत जाता आलं असतं. ते नुसते गप्प बसून लोकांना स्वतःचं स्वतःच फसू देत होते, आणि त्यात त्यांना मनापासून समाधान मिळत होतं. इन्शाल्ला, कुछ न कुछ निकलेगा, म्हणून त्यांनी विषय संपवला.

मग मीच त्या दैनिकाला फोन केला. सेक्रेटरीने नंबर लावून दिला आणि दार लावून घेतलं. वार्ताहर चांगला मुलगा निघाला, ओशाळला, खुलासा छापतो म्हणाला. आठवड्याने तो छापून आला, सिनेमाच्या वेळांच्या वर, चार ओळी. हा घटक माणसाची उंची वाढवत नसून प्रथिनाची लांबी वाढवतो, असं त्यात लिहिलं होतं.

त्याच दिवशी दुपारी दुबईहून एका जिमवाल्याचा फोन आला. त्याला ते प्रथिन हवं होतं. लांब प्रथिन साध्या प्रथिनापेक्षा किती दिवसांत अंगाला लागतं, असं त्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन जिमवाले. सेक्रेटरी माझ्याकडे येऊन म्हणाली, तू आता कृपा करून दुसरा खुलासा देऊ नकोस.

महिन्याभरात फोन आटले. लोकांना दुसरं काहीतरी मिळालं असेल. मला वाटलं संपलं. आणि एका शुक्रवारी लोडरवाला आमच्या घरी आला.

तो घरी कधी आला नव्हता. कॅम्पवरून दोन गाड्या बदलून आला होता, हातात सफरचंदांची पिशवी होती, मुलीसाठी. बसायला सांगितलं तर खुर्चीच्या कडेवर बसला. बराच वेळ नवऱ्याशी भट्टीबद्दल बोलला. मग माझ्याकडे वळून सांगायला लागला. त्याचा धाकटा भाऊ पोलीस भरतीला बसतो. पळण्यात पहिला, गोळाफेकीत चांगला, लेखीची तयारी पक्की. उंचीत दीड सेंटीमीटरने बाहेर. दोन वर्षं तेच. रेडिओवरची बातमी कॅम्पमध्ये सगळ्यांनी ऐकली होती, आणि माती कुठली ते तर फक्त त्यालाच माहीत होतं.

"ताई, मी कुणाला बोललो नाही माती कुठली ती," तो म्हणाला. "पण खणून मी दिली. म्हणजे पहिलं औषध आमच्या घरात द्याल ना?"

नवरा उठून स्वयंपाकघरात गेला. मी लोडरवाल्याला सांगितलं की औषध नाही. कधीच नव्हतं. तुला क्रशरजवळ जे सांगितलं होतं तेच आहे, तेवढंच आहे. त्याने एकदम मान वर केली. ते त्याला नीट आठवत होतं. त्याने माझ्याकडून जे ऐकलं होतं आणि रेडिओने जे सांगितलं होतं, ते एकच आहे हे मात्र त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याला वाटलं होतं की मधल्या काळात आम्ही आणखी काहीतरी शोधलं.

"मग पेपरात कसं छापलं?" त्याने विचारलं.

त्याने रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने खरंच माहिती हवी म्हणून विचारलं होतं.

मग हळूहळू बाकीचं कळलं. त्या साली वनरक्षकांचीही भरती होती. तिथे उंचीची अट थोडी कमी, भाऊ सहज बसला असता. पण ह्याने फोनवर त्याला सांगितलं होतं, जंगलात कशाला जातोस, थांब, मी इथून औषध घेऊन येतो, पुढच्या साली पोलीसच हो. भावाने वनरक्षकाचा फॉर्म भरला नाही. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन कर. आमच्याच फोनवरून लावला. पलीकडे शेजाऱ्यांच्या फोनवर भावाला बोलावून आणेपर्यंत आम्ही, स्वयंपाकघरातून परत आलेल्या नवऱ्यासकट, तिघंही उभे होतो. मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती.

त्याने फोन ठेवला, मला त्रास दिल्याबद्दल माफी मागितली, आणि जेवायचा आग्रह केला तरी थांबला नाही. तो गेल्यावर मी रजिस्टरमधल्या नावांचा विचार करत बसले. त्यातल्या कुणी कुणी काय काय सोडून दिलं असेल, कुणाकुणाला थांब म्हटलं असेल, हे कुठल्याच खुलाशात छापून येणार नव्हतं. शनिवारी ऑफिसला गेल्यावर मी आणि सेक्रेटरीने ते रजिस्टर उघडलं आणि एकेक नंबर फिरवला. ती इंग्रजी आणि हिंदी, मी मराठी आणि हिंदी. औषध नाही, होणार नाही, वाट बघू नका. दोन दिवस लागले. बहुतेकांनी नीट ऐकून घेतलं, काहींनी शिव्या दिल्या, एका बाईने विचारलं की मग दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये मिळेल. डायरेक्टरांना कळलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. लोकांची नावं ही संस्थेची मालमत्ता आहे म्हणाले.

पुण्याहून कुरियर आलं ते ह्या सगळ्यानंतर. गाइडबाईंनी तिन्ही जनुकांची अक्षरं छापून पाठवली होती. मी ती कागदाची भेंडोळी लॅबच्या फरशीवर पसरून, चष्मा लावून, रांगत वाचली. दोन जनुकं जवळजवळ सारखी होती. तिसरं वेगळं, आणि जिथे विष चिकटतं असं मानतात, बरोब्बर तिथेच वेगळं. म्हणजे जंतूने स्वतःसाठी एक असा घटक राखून ठेवला असावा, ज्याला त्याचं स्वतःचं विष पकडू शकत नाही. सिद्ध करायला अजून पुष्कळ काम बाकी होतं, पण मला त्या फरशीवर जे वाटलं ते मला नंतर कधी वाटलेलं नाही. सेक्रेटरी दारातून म्हणाली की उठ, क्रीमवाला आलाय.

लोडरवाल्याला सांगावं की नाही, ह्यावर मी दोन आठवडे घालवले. शेवटी गेले. तो आधी जरा अंतर राखून उभा राहिला. मी म्हटलं, तू विचारलं होतंस त्याचं उत्तर मिळालंय बहुतेक. ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "म्हणजे स्पेअर लोडर ठेवलाय त्याने," तो म्हणाला. "आमच्या फोरमनला सांगा."

डायरेक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, की ह्यात आपला फायदा काय. मी म्हटलं, सध्या काही नाही. त्यांनी मान डोलावली. त्यांचं लक्ष तेव्हा उंटिणीच्या दुधाच्या साबणाकडे लागलं होतं. दुबईत एक प्रदर्शन होतं आणि तिथल्या स्टॉलवर साबणाच्या मागे काहीतरी शास्त्रीय दिसायला हवं होतं. मी रजेवर भारतात गेले होते तेव्हा त्यांनी माझा फ्रीझर उचलून स्टॉलवर नेला. त्याला आकडे दाखवणारा हिरवा दिवा होता, तो छान दिसतो म्हणे. वाटेत प्लग काढलेला, स्टॉलवर प्लग एकच, तो निम्मा वेळ कॉफीच्या मशीनला. ऑगस्ट महिना. मी परत आले तेव्हा फ्रीझर जागेवर होता, बाहेरून पुसूनसुद्धा ठेवलेला. आतल्या कुप्या वितळून, कुजून गेल्या होत्या. जंतू पुन्हा वाढवायचा मी खूप प्रयत्न केला. वाढली ती बुरशी.

खाणीवर पुन्हा माती आणायला गेले. झाड होतं तिथे आता क्रशरची नवी लाइन होती. लोडरवाल्याने आजूबाजूची सात-आठ ठिकाणं खणून दिली. त्यातून पुष्कळ जंतू निघाले, तो निघाला नाही.

मी पत्र देऊन नोकरी सोडली. ह्या पत्राला नवऱ्याची ना-हरकत लागली नाही. लोडरवाल्याचा भाऊ पुढच्या सालीही पोलिसांत बसला नाही. मग तोही इकडे आला, आणि दुबई मरीनात उंच इमारतींची कामं निघाली तेव्हा एका टॉवरच्या बांधकामावर माणसं वर नेणारा पाळणा चालवायला लागला. दिवसभर चाळीसाव्या मजल्यापर्यंत वरखाली. ह्यावर विनोद सुचतो, पण तो करायचा हक्क मला नाही.

आम्हीही नंतर दुबईला गेलो आणि मी एका शाळेत जीवशास्त्र शिकवू लागले. तीन जनुकांवर मी एक छोटा लेख लिहिला होता, गाइडबाईंचं आणि माझं नाव घालून. एका नियतकालिकाने तो वाचून बरा अभिप्राय दिला. फक्त एक अट घातली: हा जंतू कुठल्या संग्रहात ठेवला आहे ते कळवावं, म्हणजे इतरांनाही तपासता येईल. मागणी अगदी रास्त होती. मी उत्तराचे दोन मसुदे केले. एकात उंटिणीचं दूध, साबण आणि कॉफीचं मशीन सगळं होतं, तो मी नवऱ्याला वाचून दाखवला. दुसऱ्यात एकच ओळ होती, की हा जंतू आता उपलब्ध नाही. दुसरा पाठवला. लेख छापला गेला नाही.